पैसा पोहोचेल, नाव अडेल?



आज मला 'डिजिटल रुपया आणि परदेशातून येणारा पैसा' या विषयावर बोलायचं आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. त्यामुळे मी हा विषय यंत्राच्या बाजूने सांगणार आहे. सुरुवात मात्र घरापासून करतो.

2016 साली माझ्या बहिणीचा निकाह ठरला. मोठा भाई शारजात नोकरीला होता. त्याने लग्नासाठी पैसे पाठवले आणि ते नऊ दिवस अडकले. अब्बा तीन वेळा शाखेत जाऊन आले. पहिल्यांदा सांगितलं, "सिस्टीममध्ये आहे." दुसऱ्यांदा पासपोर्टची झेरॉक्स मागितली. तिसऱ्यांदा तिथल्या एका भल्या माणसाने हळूच सांगितलं, "चाचा, नाव कुठल्या तरी यादीतल्या नावाशी जुळतंय." भाईचं नाव मोहम्मदने सुरू होतं. मंडपवाल्याला द्यायचे पैसे अब्बांनी शेजाऱ्यांकडून उसने घेतले. पुढे पैसे आले, लग्नही छान झालं. पण त्या रात्री अब्बा म्हणाले, "नाव ठेवताना सवाब वाटला होता." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आता यंत्राकडे येऊ. शारजातून खेडला पैसे येतात असं आपण म्हणतो, पण नोट कुठेच प्रवास करत नाही. प्रवास करतो तो निरोप. तिकडचं एक्स्चेंज हाऊस दिरहम घेतं. त्याचं किंवा त्याच्या बँकेचं भारतातल्या एखाद्या बँकेत रुपयांचं खातं असतं. निरोप आला की त्या खात्यातून रुपये वजा होतात आणि आपल्या खात्यात जमा होतात. दोन बँकांचं एकमेकींकडे खातं नसेल तर मध्ये तिसरी बँक लागते, कधी चौथीही. 1973 साली स्थापन झालेली स्विफ्ट ही संस्था या निरोपांचीच व्यवस्था आहे, ती स्वतः पैसा हलवत नाही. प्रत्येक टप्प्यावर थोडं शुल्क, थोडा वेळ आणि नावाची एक तपासणी. त्यात सुट्ट्यांचा घोळ. 2022 पूर्वी यूएईत शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची आणि आपल्याकडे रविवार. गुरुवारी संध्याकाळी पाठवलेला पैसा सोमवारपर्यंत जागचा हलायचा नाही.

हा व्यवहार लहान नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये परदेशातल्या भारतीयांनी 118.7 अब्ज डॉलर घरी पाठवले. त्यात एकट्या यूएईचा वाटा 19.2 टक्के होता. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, 20.5 टक्के. यूएई ते भारत हा मार्ग तुलनेने स्वस्त आहे. पण जगाची सरासरी पाहिली तर 200 डॉलर पाठवायला सहा टक्क्यांहून जास्त खर्च येतो. 2030 पर्यंत तो तीन टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे.

इथे डिजिटल रुपया येतो. पुष्कळ जण त्याला यूपीआयच समजतात. फरक असा आहे: खात्यातली शिल्लक म्हणजे तुमच्या बँकेने तुम्हाला दिलेलं वचन. यूपीआय ते वचन एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेतं. डिजिटल रुपया मात्र खिशातल्या नोटेसारखा थेट रिझर्व्ह बँकेचा आहे. बँकांमधल्या मोठ्या व्यवहारांसाठी त्याचा प्रयोग 1 नोव्हेंबर 2022 रोजी सुरू झाला, सामान्य लोकांसाठी 1 डिसेंबर 2022 रोजी.

आता कल्पना करा, दोन देशांच्या केंद्रीय बँकांनी आपापला डिजिटल पैसा एकाच सामायिक वहीत आणून ठेवला. दिरहम तिकडे गेला त्याच क्षणी रुपया इकडे आला. मधल्या बँकांची साखळीच गेली. हे स्वप्नरंजन नाही. हाँगकाँग, थायलंड, चीन आणि यूएई यांच्या केंद्रीय बँकांनी 'एमब्रिज' नावाने हे करून पाहिलं. 2022 मध्ये सहा आठवड्यांत 20 बँकांनी त्यावर सुमारे 2.2 कोटी डॉलरचे व्यवहार केले. जे काम दिवसांत व्हायचं ते सेकंदांत झालं. 2024 मध्ये सौदी अरेबियाही त्यात आला. भारत आणि यूएईच्या केंद्रीय बँकांनीही मार्च 2023 मध्ये डिजिटल चलनावर एकत्र काम करण्याचा करार केला आहे.

पण त्याच 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, एमब्रिज उभारण्यात पुढे असलेली बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स त्यातून बाहेर पडली. प्रकल्प आता स्वतःच्या पायावर चालू शकतो, असं तिने सांगितलं. त्या वेळी चर्चा मात्र वेगळीच रंगली होती: निर्बंध लादलेले देश हा पूल वापरतील का? म्हणजे पूल बांधून होतो, पण त्यावरून कोण जाईल हे राजकारण ठरवतं.

आपल्या आजोबांच्या पिढीला हे नवीन वाटलं नसतं. एके काळी आखातात भारताचाच रुपया चालायचा. सोन्याची तस्करी वाढली म्हणून 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि हाजींसाठी खास हज नोटाही. 1966 साली रुपयाचं अवमूल्यन झालं आणि उरलेल्या अमिरातींनीही तो सोडला. एकच चलन असलेला तो टापू धोरणांमुळे तुटला. तंत्रज्ञानाचा त्यात काही संबंध नव्हता.

आता पुन्हा भाईच्या नावाकडे. नावं जुळवायची एक जुनी पद्धत आहे, साउंडेक्स. तिचं पेटंट अमेरिकेत 1918 साली घेतलं गेलं, इंग्रजी उच्चारांची नावं डोळ्यांसमोर ठेवून. ती पहिलं अक्षर ठेवते, स्वर गाळते आणि उरलेल्या व्यंजनांना आकडे देते. या पद्धतीत मोहम्मद, मुहम्मद आणि महमूद या तिघांचाही संकेत एकच येतो: एम 530. आजची सॉफ्टवेअर यापेक्षा हुशार आहेत, पण अडचण तीच आहे. आपल्याकडे नावं थोडी आणि माणसं फार. त्यात रोमन लिपीतली स्पेलिंगं दहा तऱ्हांची. यादीतल्या एका माणसामुळे हजारो निरपराध माणसं जाळ्यात येतात. कोड लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असावाच लागत नाही. त्याने आपली नावं तपासून पाहिली नाहीत, एवढंही पुरतं.

डिजिटल चलनाने रस्ता वेगवान होईल, पण ही चाळणी जाणार नाही. उलट सगळं एकाच वहीत असेल तर चाळणी एकाच जागी बसेल. आज एका बँकेने अडवलं तर दुसरीकडून पाठवता येतं. उद्या वहीनेच अडवलं तर?

म्हणून काहीजण हवाल्याकडे वळतात. तिथे विश्वास आहे, चटकन पैसा मिळतो, हे मला ठाऊक आहे. पण फेमा कायद्याखाली तो बेकायदेशीर आहे आणि ज्या संशयाचा आपल्याला जाच होतो तोच त्यातून पक्का होतो. तो मार्ग नको.

मग काय करायचं? पासपोर्ट, पॅन, आधार आणि बँक, चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच करून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांचंही. भारतात बँकेने पैसा अडवला तर तक्रार लेखी करा, तोंडी विचारून परत येऊ नका. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी नंबर आहे 14448.

आणि नागरिक म्हणून, या नव्या पुलाचे नियम लिहिले जात असतानाच विचारा: अडवलं तर कारण कळेल का? किती तासांत माणूस ती फाइल उघडून पाहील? माझा व्यवहार कोणकोण वाचू शकेल? हे प्रश्न फक्त मुसलमानांचे नाहीत. चुकून जाळ्यात आलेल्या प्रत्येकाचे आहेत.

इथे इंजिनियरिंग शिकणारी मुलं-मुली बसली आहेत. त्यांना एवढंच सांगतो: पेमेंटच्या क्षेत्रात या. चाळणी लिहिणाऱ्या टेबलावर एक तरी माणूस असा हवा, ज्याला मोहम्मद आणि महमूद ही दोन वेगळी माणसं आहेत हे कोणी समजावून सांगावं लागणार नाही.