पाणकावळा : एक पक्षी, अनेक नावे

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



पवनेवर रावेतच्या बंधाऱ्याजवळ अथवा इंद्रायणीच्या काठी, पाण्यातील खडकावर किंवा वाळक्या फांदीवर एखादा काळा पक्षी पंख पसरून निश्चल बसलेला दिसतो. हाच पाणकावळा. या पक्ष्याचे नाव हाही पाठाचा चांगला विषय होऊ शकतो.

प्रथम नावाचा अर्थ पाहावा. पाण्यातला कावळा तो पाणकावळा. तथापि हा पक्षी कावळ्याच्या कुळातील नव्हे. काळ्या रंगाचे साम्य पाहून लोकांनी हे नाव ठेवले. कावळ्याची बोटे सुटी असतात. पाणकावळ्याच्या पायाची चारही बोटे कातडीच्या पडद्याने जोडलेली असून पोहताना त्यांचा वल्ह्यासारखा उपयोग होतो. चोचीचे टोक आकड्यासारखे वळलेले असल्यामुळे निसटता मासा धरता येतो. त्याची पिसे बदकाच्या पिसांपेक्षा अधिक भिजतात. त्यामुळे बुडी मारणे सोपे जाते, परंतु बाहेर आल्यावर पंख उन्हावाऱ्यात वाळवावे लागतात. नाव साम्य सांगते, नाते सांगतेच असे नाही, हा भेद मुलांच्या ध्यानी आणून द्यावा. पाणमांजर हे मांजर नव्हे आणि पाणघोडा हा घोडा नव्हे, हे मग मुले आपण होऊन सांगतील.

आता दुसरी गोष्ट. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढे औद्योगिक वसाहती चाकणपर्यंत पसरल्या. दूरदूरच्या प्रांतांतून कामगारांची कुटुंबे आली आणि त्यांची मुले आपल्या गावांतील शाळांत दाखल झाली. पक्ष्याचे चित्र दाखवून 'हा कोण?' असे विचारले असता अशा मुलाच्या तोंडी घरचे नाव येते. ते 'चूक' म्हणून बाजूस सारले, की ते मूल पुढच्या प्रश्नाला गप्प बसते. त्याचे मौन मग मंदपणाचे लक्षण समजले जाते. हा त्या मुलावर अन्याय होय.

वस्तुतः ते नाव काय असते? हिंदी भाषक मूल 'पनकौआ' किंवा 'जलकौआ' म्हणेल, ओडिया भाषक 'पाणिकुआ', तेलुगू भाषक 'नीटिकाकी' आणि कन्नड भाषक 'नीरुकागे' म्हणेल. प्रत्येक नावाचा पहिला भाग पाण्याचा, दुसरा कावळ्याचा. इंग्रजीतील 'कॉर्मोरंट' हा शब्ददेखील 'समुद्रातील डोमकावळा' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीपासून आलेला आहे. तेव्हा त्या मुलाचे उत्तर चुकलेले नव्हते. मराठी उत्तरच त्याने आपल्या भाषेत दिले होते.

यासाठी पाठाची योजना साधी आहे. फळ्यावर 'पाणकावळा' हा शब्द लिहून त्याची फोड करावी. प्रत्येक मुलाने घरी विचारून आपल्या भाषेतील नाव आणावे. पाणी आणि कावळा यांना त्या भाषेत काय म्हणतात, तेही आणावे. सर्व नावे देवनागरीत एकाखाली एक लिहावीत आणि त्यांतील साम्य मुलांनीच शोधावे. एखादे नाव या साच्यात बसणार नाही. उदाहरणार्थ, गुजरातीत या पक्ष्याला 'काजियो' म्हणतात. तेही फळ्यावर यावे. त्यानंतर मुलांना नदीकाठी न्यावे, मात्र पाण्यापासून सुरक्षित अंतरावर थांबवून पक्षी दाखवावा.

छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाची कथा आहे. त्याला स्वतःचे गोत्र ठाऊक नव्हते. त्याने ते खरेपणाने सांगितले आणि हारिद्रुमत गौतमांनी त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. पुढे गुरूची गुरे राखीत असता बैल, अग्नी, हंस आणि मद्गू यांनी त्याला ब्रह्माचा एकेक पाद शिकविला. मद्गू म्हणजे पाण्यात बुडी मारणारा पक्षी. काही अभ्यासक तो पाणकावळाच मानतात. परंतु त्या कथेत हा पक्षी शेवटी येतो. गोत्र सांगता न आलेल्या मुलाला जवळ करणारा गुरू त्याच्या आधी येतो, हे शिक्षकाने विसरू नये.