संघ कोणाचा? वर्गणी भरणाऱ्याचा!

(आवडी येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



सकाळपासून आपण रिक्त जागा, खाजगीकरण आणि पेन्शन यांवर बोललो. आता मी फुटबॉलवर बोलणार आहे. विषय हलका वाटेल, पण तो शेवटी आपल्या वर्गणीच्या पावतीपाशीच येतो.

आवडीहून लोकलने चेन्नईकडे निघालात की वाटेत आय.सी.एफ. कारखाना लागतो. १९५५ पासून तिथे रेल्वेचे डबे तयार होतात. या कारखान्याचा फुटबॉल संघही चेन्नईच्या लीगमध्ये खेळत आला आहे. रेल्वे आणि फुटबॉल यांचे नाते जुने आहे. १९५८ साली ईस्टर्न रेल्वेच्या संघाने मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन या तिन्ही बड्या क्लबांना मागे टाकून कलकत्ता लीग जिंकली. त्यानंतर या तिघांखेरीज दुसऱ्या कोणाला ती जिंकायला २०१९ साल उजाडावे लागले. त्या रेल्वे संघातले पी. के. बॅनर्जी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते. १९६१-६२ साली तर रेल्वेने मुंबईत येऊन मुंबईलाच हरवले आणि संतोष ट्रॉफी नेली.

आता मुंबईचेच दुसरे उदाहरण घ्या. महिंद्र कंपनीचा संघ १९६२ साली सुरू झाला. पुढे तो महिंद्र युनायटेड या नावाने गाजला. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. आणि २०१० साली कंपनीने हा संघ बंद करून शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचे ठरवले. पैसा कंपनीचा, निर्णय कंपनीचा. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण कूपरेजवर वर्षानुवर्षे टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला त्या निर्णयात मत नव्हते. कारण तो प्रेक्षक होता, सभासद नव्हता.

मित्रांनो, याच्या उलट गोष्ट जर्मनीत घडली. पूर्व जर्मनीत क्लब उद्योगांना जोडलेले असत आणि नावावरूनच धंदा कळे. रेल्वेवाल्यांचा क्लब ‘लोकोमोटिव्ह’, टपालवाल्यांचा ‘पोस्ट’, रसायनवाल्यांचा ‘केमी’. तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल चषकाला तर कामगार संघटनांच्या महासंघाचेच नाव होते. लाइपझिग शहरातल्या लोकोमोटिव्ह क्लबने, ज्याला लोक नुसते ‘लोक’ म्हणत, हा चषक चार वेळा जिंकला. १९८७ साली तो युरोपच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोहोचला. उपांत्य सामना पेनल्टीवर गेला, तेव्हा निर्णायक गोल त्यांच्या गोलकीपरनेच मारला! अथेन्सच्या अंतिम सामन्यात मात्र ॲम्स्टरडॅमच्या आयॅक्सकडून ते एका गोलाने हरले.

मग १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. पूर्वेकडचे उद्योग कोसळले आणि क्लबांचा आधार गेला. १९९१ साली या क्लबने ‘लोकोमोटिव्ह’ हे नाव टाकून व्हीएफबी लाइपझिग हे आपले जुने नाव घेतले. १९९३-९४ चा एक हंगाम तो सर्वात वरच्या श्रेणीत खेळला, पण लगेच खाली आला. कर्ज वाढले, आणि २००४ साली क्लबचे दिवाळे निघून तो संपला.

पण त्याआधीच, २००३ च्या डिसेंबरात, त्याच्या पाठीराख्यांनी आपापसात सभासद करून ‘लोकोमोटिव्ह’ हेच नाव पुन्हा उभे केले होते. नवा क्लब म्हणून नियमाप्रमाणे त्यांना अगदी तळापासून, अकराव्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. आपल्याकडे गल्लीतल्या सामन्याला जमतात तेवढीच माणसे त्या पातळीवर येतात. पण त्यांच्या एका सामन्याला बारा हजारांहून जास्त लोक आले! एकेक पायरी चढत हा क्लब चौथ्या श्रेणीपर्यंत आला. २०२० आणि २०२५ साली तो आपल्या गटात पहिला आला. दोन्ही वेळा वर चढण्याच्या सामन्यांत हरला. तरी क्लब टिकला.

महिंद्रचा संघ जिंकत होता तरी गेला, आणि लाइपझिगचा बुडूनही उभा राहिला, असे का? मोठे खेळाडू, मोठा पैसा दोघांनीही पाहिला होता. फरक एवढाच, की लाइपझिगमध्ये अडचणीच्या वेळी वर्गणी भरणारा, सभेला येणारा आणि हात वर करून मत देणारा सभासद होता.

आता आपल्याकडे पाहा. आपल्या वसाहतींत रेल्वे इन्स्टिट्यूट आहेत. त्यांची वर्गणी आपल्या पगारातून जाते. कर्मचारी हित निधीतून खेळासाठी रक्कम असते आणि त्या समितीवर युनियनचे प्रतिनिधी बसतात. पण वार्षिक सभेला आपल्यातले किती जण जातात? हिशोब कोण विचारतो? मैदानाच्या कोपऱ्यात साहित्याचा ढीग पडला, की पत्र कोण लिहितो? विचारणारा नसेल, तर एक दिवस ते मैदान दुसऱ्या कामाला जाईल आणि आपण नुसते हळहळू.

म्हणून तीन कामे सांगतो. गावी परतल्यावर इन्स्टिट्यूटच्या सभासद यादीत आपले नाव आहे का ते पाहा. पुढच्या सभेत खेळाच्या खर्चाचा हिशोब लेखी मागा. आणि वसाहतीतल्या पोरांना, मुलींनाही, संध्याकाळी मैदानावर घेऊन या. वापरातले मैदान काढून घेणे कोणालाही सोपे नसते.

व्यवस्थापनाने दिलेली सवलत व्यवस्थापन परत घेऊ शकते. आपण वर्गणीतून उभे केलेले मात्र आपल्या ठरावाशिवाय कोणी मोडू शकत नाही. युनियनला हे लागू आहे, तसेच फुटबॉललाही.

कामगार एकजूट झिंदाबाद!