जीप आणि दुहेरी केबिनची पिकअप
(एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या लहानपणी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, सरकारी प्रसिद्धी खात्याची जीप गावात शिरली की आम्ही मुले तिच्यामागे धावत सुटत असू. देवळापुढच्या मांडावर पांढरा पडदा बांधला जाई आणि काळोख पडताच लसीकरणाचे, शेतीचे अनुबोधपट सुरू होत. चालक, प्रोजेक्टर, जनरेटर, पत्रकांचे गठ्ठे, सारे त्या एका जीपमध्ये दाटीवाटीने बसून येत असे. पुढे मी स्वतः याच कामात आलो. मी कलाशाखेचा पदवीधर, यंत्रज्ञ नव्हे. परंतु दौऱ्यांच्या निमित्ताने दोन्ही प्रकारच्या वाहनांत बराच काळ बसलो आहे. म्हणूनच 'जीप बरी की दुहेरी केबिनची पिकअप?' या आपल्या प्रश्नावर चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

जीपचा जन्म युद्धातला. १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी ती मोठ्या संख्येने तयार झाली. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली आणि हे वाहन खेड्यापाड्यांत पोहोचले. तिची लांबी सुमारे ३.३ मीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अवघे दोन मीटर. तिचे सामर्थ्य या आखूडपणात आहे. वाहन बांधावर चढते तेव्हा पुढची चाके पलीकडे उतरतात, मागची अलीकडेच असतात. अशा वेळी चाकांतील अंतर जास्त असेल तर गाडीचे पोट बांधाला टेकते. जीपचे सहसा टेकत नाही. कुळे येथून दूधसागर धबधब्याकडे पर्यटकांना नेणाऱ्या जीपगाड्या रानातील ओहोळ ओलांडताना ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

दुहेरी केबिनच्या पिकअपमध्ये चालकाच्या मागे दुसरी आसनरांग असते, तिला स्वतंत्र दरवाजे असतात आणि त्यामागे मालाचा हौदा. भारतात २०२२ साली आलेल्या टोयोटा हायलक्सची लांबी ५.३ मीटरहून अधिक आणि चाकांतील अंतर तीन मीटरहून अधिक आहे. म्हणजे ती जुन्या जीपपेक्षा सुमारे दोन मीटर लांब! लांब रस्त्यावर हा लांबपणा सुखाचा; गाडी स्थिर राहते. परंतु कुळागराच्या अरुंद पाणंदीत तीच लांबी अडते. शिवाय दुहेरी केबिनची प्रत्येक गाडी चारही चाकांनी ओढणारी नसते. केवळ मागची चाके फिरत असतील आणि हौदा रिकामा असेल, तर मागील बाजू हलकी पडून चिखलात चाके जागच्या जागी फिरत राहतात. तेव्हा घेण्यापूर्वी ही एक गोष्ट अवश्य विचारून घ्यावी.

दुरुस्तीचा विचारही करावा लागतो. जुन्या जीपचे इंजिन गावातला मिस्त्री पान्यांच्या संचावर उघडीत असे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणमर्यादा लागू झाली. नव्या इंजिनांवर संवेदक आणि संगणक यांचे नियंत्रण असते. धूर कमी होतो, पण दोष शोधण्यास विशेष उपकरण लागते.

मग जीपच श्रेष्ठ का? तसे नव्हे. जुन्या जीपच्या मागील बाकांवर माणसे समोरासमोर, आडवी बसत. त्यांना पट्टे नसत. अंगावर गठ्ठे कोसळत, ते मी स्वतः अनुभवले आहे. माणूस आणि माल यांच्यामध्ये भिंत घालणे हे दुहेरी केबिनचे खरे दान होय. आणि नेमके तेच आपण वाया घालवितो.

दोन वर्षांपूर्वी दौऱ्यावर असताना घाटात अशीच एक पिकअप माझ्या पुढे चालली होती. पाऊस लागला होता. हौद्यात शाळेची मुले एकमेकांना धरून उभी होती. क्रीडास्पर्धांहून परतत असावीत. घाट उतरल्यावर गाडी थांबली. मी जवळ जाऊन पाहिले, तो मागच्या आसनावर खेळाच्या साहित्याची पोती व्यवस्थित रचलेली! सामान भिजू नये म्हणून ते आत आणि मुले बाहेर. त्या दिवशी अनर्थ झाला नाही, एवढेच.

शिक्षकबंधूंनो, पालकहो, हौदा मालासाठी आहे. तेथे ना आसन, ना पट्टा, ना छप्पर. मालवाहू म्हणून नोंदलेल्या वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दिलेला आहे. म्हणजे अपघात झालाच, तर दुःखासोबत कर्जही घरात येते.

सारांश, वाट अरुंद, चढाची, ओहोळाची असेल तर जीप घ्यावी. रस्ता बरा असून माणसे व माल दोन्ही न्यावयाचे असतील तर दुहेरी केबिन घ्यावी. परंतु कोणतेही वाहन घ्या, त्यात जितकी आसने तितकीच माणसे बसवा. सामान भिजले तर वाळविता येते.