इंग्रजीतील चिमुकले शब्द
(शिक्षक शिबिरातील भाषण)



आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी इयत्ता पहिलीपासून शिकविले जाते. मुले शब्द पाठ करतात, व्याकरणही बऱ्यापैकी जाणतात. तरीही बोलण्यातील इंग्रजी त्यांना अडविते. अडविणारे शब्द मोठे नसतात. 'अप', 'ऑफ', 'आउट' असे चिमुकलेच असतात.

माझ्या एका विद्यार्थ्याची नोकरीसाठी निवड झाली. रुजू केव्हा व्हावे, असे त्याने दूरध्वनीवरून विचारले. उत्तर मिळाले, 'इट्स अप टू यू.' 'टू यू' म्हणजे 'तुमच्याकडे', तेव्हा पत्र येईल, असा अर्थ लावून तो घरी वाट पाहत बसला. वस्तुतः तारीख ठरविणे त्याच्यावरच सोपविलेले होते. महिना उलटला आणि जागा दुसऱ्यास गेली. यातील एकही शब्द त्याला अपरिचित नव्हता!

क्रियापदाला असा लहान शब्द जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना अतिशय कठीण जाते, हे डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे. तेव्हा मुलांना दोष देण्याचे कारण नाही.

कचेरीत 'पुट अप' म्हणजे प्रकरण सादर करणे, हे आपण जाणतोच. पण इंग्रज गृहस्थ पाहुण्याला 'पुट अप' करतो, तेव्हा त्याला घरी उतरवून घेतो. 'पुट अप विथ' म्हटले की तो सहन करतो. (पाहुणा फार दिवस राहिल्यास दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.) सभा 'पुट ऑफ' झाली तर ती पुढे ढकलली गेली, 'कॉल ऑफ' झाली तर रद्द झाली. सूचना वाचणाऱ्या सरपंचाला हा भेद कळलाच पाहिजे.

आपली मराठी तरी कोठे वेगळी आहे? अंगात येणे, अंगावर येणे, अंगाशी येणे. नाम तेच, क्रियापद तेच. मधला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय बदलले की देवीचा संचार, हल्ला आणि फजिती! हे उदाहरण फळ्यावर लिहावे आणि मग 'अप'कडे वळावे. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'ड्राय अप' म्हणजे आटून जाणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपविणे. येथे 'अप' म्हणजे 'वर' नव्हे, 'पुरते' होय, हे मुले आपणहून सांगतात. याद्या मात्र पाठ करवू नयेत. प्रसंगासह एकेक वाक्य द्यावे.

'ते तुमच्यावर आहे' असे आपण मराठीत म्हणतोच. 'अप टू यू' म्हणजे नेमके तेच. त्या विद्यार्थ्याला मी वर्गात हे कधी सांगितले नव्हते.