माळढोक आणि संवर्धन जीवशास्त्राचे शिक्षण

धोक्यात आलेले जीव आणि त्यांचे अधिवास कसे टिकवावेत याचा विचार करणारे संवर्धन जीवशास्त्र हे मुळातच निकडीचे शास्त्र आहे. पुरावा अपुरा असतानाही येथे निर्णय घ्यावा लागतो, हे जीवशास्त्रज्ञ मायकेल सूले यांनी १९८५ मध्येच मांडले होते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत या क्षेत्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि ते किती व्यापक असावे लागते हे माळढोक पक्ष्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

माळढोकाची मादी उघड्या माळावर, जमिनीवरच, एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे मोजके प्रौढ पक्षी दगावले तरी ती तूट पिलांनी भरून निघत नाही. जन्म-मृत्यूचा हा हिशेब समूहजीवशास्त्राचा. परंतु एवढ्याने भागत नाही: राजस्थानात हे पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतात, कारण डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांना समोरचे नीट दिसत नाही आणि नराचे वजन १५ किलोपर्यंत भरत असल्याने ऐनवेळी वळणे जमत नाही. त्यातील अनेक तारा सौर आणि पवन ऊर्जा वाहून नेतात, म्हणजे हवामानबदलावरचा उपायच या पक्ष्याच्या मुळावर आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा भूमिगत करण्याविषयी आदेश दिले. मार्च २०२४ मध्ये सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरसाठीचा उघड्या तारांवरचा सरसकट निर्बंध मागे घेऊन न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली. विद्यार्थ्याने हे दोन्ही निकाल पाठ्यपुस्तकाइतक्याच बारकाईने वाचले पाहिजेत.

महाराष्ट्रातील दुखणे वेगळे आणि अधिक जुने आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झाले खरे, परंतु सरकारी दप्तरात गवताळ माळ बहुधा पडीक जमीन म्हणूनच नोंदला जात राहिला, आणि पडीक जमिनीवर झाडे लावणे हे सत्कार्यच मानले गेले. दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याला मात्र दाट झाडी म्हणजे अधिवासाचा नाश होय. कोणता माळ कधी चारावा आणि कधी राखावा, हे मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराला ठाऊक असते; त्याचे ज्ञान नोंदवणे हेही संशोधनच आहे, आणि ते आजवर फारच थोडे झाले आहे.

म्हणून या अभ्यासक्रमात जनुकशास्त्राच्या बरोबरीने जमीन-महसुलाचे कायदे, वीजवाहिन्यांची आखणी आणि माळावरचा मुक्काम यांनाही स्थान मिळावे, आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांनी त्याची सुरुवात सोलापूरच्या माळापासून करावी.