इसार गेला, आता किती परत मिळेल?

नळदुर्गवरून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. रस्त्यालगतच्या गुंठ्यावर साऱ्यांचीच नजर. समजा, तुम्ही पाच लाख इसार देऊन तिथला प्लॉट ठरवला आणि मागाहून कळलं, की सातबाऱ्यावर विकणाऱ्याच्या दोन बहिणींचीही नावं आहेत आणि त्यांची संमतीच नाही. मग कोर्टात काय मिळतं?

इसार मागता येतो, व्याजही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 73 करारभंगातून सरळ झालेलं नुकसान भरून द्यायला सांगतं. पण तिथे धाबा टाकला असता तर महिन्याला इतके सुटले असते, हा हिशेब सहसा टिकत नाही. करारात भरपाईची रक्कम लिहिलेली असेल, तर कलम 74 प्रमाणे तीच कमाल मर्यादा. तेवढी मिळेलच असंही नाही. आणि मनस्ताप? साध्या कराराच्या भंगाबद्दल त्याची भरपाई नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात म्हटलं. मला हे कठोर वाटतं. सोयाबीनचे पैसे साठवून प्लॉट घेणाऱ्याची उडालेली झोप कुठल्याच पावतीवर येत नाही.

आणखी एक. खरेदीखत करून द्यावं असा दावा लावताना इसारपरती आणि भरपाई या मागण्याही दाव्यात लिहून घ्या. न मागितलेलं कोर्ट देत नाही. खरेदीखताच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते: करारात खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नाहीतर विकणाऱ्याचा नकार कळल्यापासून. इसारपावती जपा, पैसे बँकेतूनच द्या, आणि वकिलाकडे जायला उशीर करू नका.