मोटारींची रांग आणि आपली रीत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘अमेरिकेतील अनुभव’ असा विषय दिला, तेव्हाच मी त्यांना सांगून ठेवले की, नायगारा धबधबा आणि न्यूयॉर्कचा पुतळा यांविषयी मी एक अक्षरही बोलणार नाही. ते चित्रांत सर्वांनीच पाहिले आहे, आणि आपल्यातल्या कितीतरी जणी लेकीसुनांकडे जाऊन ते डोळ्यांनीही पाहून आल्या आहेत. मी आज बोलणार आहे ते एका खिडकीविषयी. ओहायो राज्यात कोलंबस म्हणून शहर आहे, तेथे लेकीकडे मी सहा महिने राहिले. त्या सहा महिन्यांत ही खिडकी मी इतक्या वेळा पाहिली की तेथील माणसांचा स्वभाव मला देवळापेक्षा आणि बाजारापेक्षाही तिच्यापाशीच अधिक कळला.

तिला म्हणतात ‘ड्राइव्ह-थ्रू’. मोटारीतून खाली न उतरता खाद्यपदार्थ मागवावयाचे, पैसे द्यावयाचे, पुडा घ्यावयाचा आणि चालू लागावयाचे. उपाहारगृहाला वळसा घालून एक अरुंद रस्ता काढलेला असतो. त्यात शिरले की प्रथम पदार्थांचा मोठा फलक आणि त्याखाली एक ध्वनिक्षेपक लागतो. त्यातून आवाज येतो, “काय देऊ?” आपण त्या खांबाशी बोलावयाचे. पुढे एक खिडकी पैशांची, तिच्यापुढे दुसरी पदार्थ देण्याची. काही ठिकाणी दोन्ही कामे एकाच खिडकीत उरकतात.

या प्रकाराचा इतिहास आपल्यातल्या कित्येकींच्या वयाहून फारसा मोठा नाही. मोटारीत बसलेल्या गिऱ्हाइकाला पोऱ्याने जाऊन खाणे द्यावे ही पद्धत टेक्सासमध्ये १९२१ पासून होती. परंतु मोटारच खिडकीशी यावी, ही युक्ती १९४७ साली मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी एका लहानशा हॅम्बर्गरच्या दुकानाने काढली असे सांगतात. दुसऱ्या वर्षी कॅलिफोर्नियात ‘इन-एन-आउट’ने बोलावयाचा ध्वनिक्षेपक बसविला. मॅकडोनाल्ड्सने मात्र अशी खिडकी उघडली ती १९७५ साली, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. ॲरिझोनातील सिएरा व्हिस्टा या गावाजवळ लष्कराची छावणी आहे. छावणीबाहेर कामाच्या गणवेशात मोटारीतून उतरावयाचे नाही, असा तेथील जवानांना नियम होता. मग खाणार कसे? तेव्हा भिंत फोडून खिडकी केली. जवानांच्या कपड्यांपायी निघालेली ही सोय आज सगळ्या देशाची सवय होऊन बसली आहे, आणि आपल्याकडेही महामार्गांवर अशा खिडक्या दिसू लागल्या आहेत.

आता रांगेचे म्हणाल, तर आपणांस रांगा काही नव्या नाहीत. रेशनच्या रांगेत आपले बालपण गेले. पिठाच्या गिरणीत आपण डबा रांगेत ठेवतो आणि तेवढ्यात भाजी घेऊन येतो; डबा आपल्या वतीने उभा राहतो. दिवाळीच्या तोंडावर कोणी चकलीच्या भाजणीचा डबा आणला, तर गिरणीवाला म्हणतो, “ताई, तुमचे मागाहून. आधी गहू होऊ द्या.” रांगेत उभ्या असलेल्या बायका एकमेकींशी बोलतात, घाई असलेलीला पुढे सोडतात, भांडतात आणि भांडण मिटवतातही. मोटारींच्या रांगेत यातले काहीच होत नाही. प्रत्येकजण आपल्या काचेआड. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा, पुढे मोटार, मागे मोटार. एकदा आत शिरले की मागे फिरणे नाही. पुढच्या मोटारीतला माणूस खांबाशी पोहोचल्यावर जर विचार करू लागला, “अगं, तुला काय हवे? आणि पिंटूला?” तर मागच्या आठ मोटारींना ते निमूट सोसावे लागते. पुढच्याला मागच्याचे तोंड दिसत नाही, म्हणून त्याला लाजही वाटत नाही. माझ्या मते या रांगेतली निम्मी दिरंगाई स्वयंपाकघरात होत नाही, ती त्या खांबाशीच होते.

लेकीच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहते. त्यांचा थोरला मुलगा कॉलेजात शिकत असून संध्याकाळी चार तास अशाच एका खिडकीत काम करीत असे. तो माझ्याकडे पोहे खावयास येई, तेव्हा मी त्याला खोदखोदून विचारून घेतले. त्याने सांगितले ते असे. त्याच्या कानाला एक यंत्र लावलेले असते. हातात खिडकीशी असलेल्या माणसाचे पैसे, आणि त्याच क्षणी कानात खांबाशी असलेल्या पुढल्या माणसाची मागणी. तोंडाने एकाला “आभारी आहे” म्हणावयाचे आणि बोटांनी दुसऱ्याचे बटाटे लिहावयाचे. रस्त्याच्या पोटात तारा पुरलेल्या असतात; मोटार तारेवर आली की घड्याळ चालू होते आणि पुढे सरकली की थांबते. समोरच्या पडद्यावर सेकंद दिसत असतात. ठरलेल्या मर्यादेपर्यंत आकडे हिरवे, मग पिवळे, मग लाल. लाल झाले की मॅनेजर मागे येऊन उभा राहतो.

“मग मावशी, आम्ही काय करतो,” तो हसत म्हणाला, “पदार्थ तयार नसला, तर गिऱ्हाइकाला सांगतो, जरा पुढे जाऊन थांबा, आणून देतो. मोटार तारेवरून हलली, की घड्याळ गप्प!”

माणूस तसाच ताटकळत बसला, पण कागदोपत्री तो केव्हाच वाटेला लागला! अर्थात यात मागच्यांची वाट मोकळी होते हेही खरेच, म्हणून मला यात निव्वळ लबाडी दिसत नाही. गिरणीवालाही भाजणीचा डबा बाजूला ठेवतो तो याचसाठी.

हे सगळे मी मुलाकडून ऐकले त्याआधी एक प्रसंग घडून गेला होता. तो सांगितल्यावाचून पुढचे नीट कळणार नाही. माझ्या विहीणबाई त्या वेळी तेथेच होत्या. त्यांनी जन्मात अंडेही खाल्लेले नाही. एका रात्री कार्यक्रमाहून परतताना उशीर झाला, म्हणून जावयांनी मोटार एका खिडकीकडे वळविली. दुकानाचे नाव सांगत नाही, त्याला महत्त्व नाही. जावई मांसाशिवाय काय आहे ते विचारीत होते, आणि खांबातून दर वाक्यागणिक आवाज येत होता, “आणखी काही? एवढेच ना? पुढे या.” पुढे गेलो, पुडा मिळाला, “तुमची रात्र सुखाची जावो” असेही गोड शब्दांत सांगण्यात आले. घरी येऊन विहीणबाईंनी पुडा उघडला. घास तोंडाशी नेला आणि वासाने त्या थांबल्या. आत मांस होते. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. उठून त्यांनी चूळ भरली, हात धुतले आणि पाण्याचा पेला घेऊन झोपावयास गेल्या. सकाळपर्यंत जावयांना चैन पडले नाही.

त्या खांबातल्या आवाजाचा मला त्या रात्री फार राग आला होता. घड्याळाची हकीकत कळल्यावर राग गेला असे नाही. पण तो त्या आवाजावरून उठून घड्याळावर जाऊन बसला. ज्या पोरीचे आकडे लाल होत आहेत, ती आपल्या सोवळ्याओवळ्याचे ऐकून घेणार केव्हा? “रात्र सुखाची जावो” हे तिला पाठ असते, कारण त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. ऐकून घ्यावयास मात्र वेळ लागतो, आणि माझ्या लेखी सौजन्य ते हेच.

शाकाहारी माणसाला तेथे विचारावेच लागते, त्याला इलाज नाही. साधे तळलेले बटाटे, त्यात काय असणार असे आपण म्हणू. परंतु अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या बटाट्यांना गोमांसाचा अर्क लावलेला असतो हे २००१ साली उघडकीस आले, तेव्हा तेथील हिंदू व शाकाहारी लोकांनी खटले भरले. पुढल्या वर्षी कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर निरनिराळ्या संस्थांना देण्याचे कबूल केले. बटाट्यांत तो अर्क तेथे अजूनही असतो, आता तो यादीत लिहितात एवढेच. म्हणून तेथील आपली मंडळी बहुधा ‘टॅको बेल’ची वाट धरतात आणि “मांसाच्या जागी घेवडा घाला” असे सांगतात. तेथे त्या मागणीचे कोणाला नवल वाटत नाही.

विहीणबाईंनी मात्र स्वतःचा उपाय काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीकडून एका जाड कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून घेतले: मांस नको, मासे नकोत, अंडे नको. हा कागद त्या पर्सेत बाळगू लागल्या. खिडकीशी पोहोचले की जावयांच्या खांद्यावरून त्या तो पुढे धरीत. पहिल्या वेळी जावई संकोचले. पण खिडकीतल्या मुलीने तो वाचला, पुडा आत नेऊन पुन्हा पाहिला आणि अंगठा उंचावून दाखविला. शेजारच्या मुलाला ही हकीकत सांगितली तेव्हा तो म्हणाला, “असे चारजण आले ना, तरी आमचे काम हलके होईल.” वाचावयास तीन सेकंद लागतात, चूक निस्तरावयास पाच मिनिटे.

घाई केली म्हणजे गिऱ्हाईक खूश होते, ही समजूत तरी कितपत खरी? ‘क्यूएसआर’ नावाचे त्या धंद्याचे मासिक दरवर्षी या खिडक्यांची पाहणी करते. २०१९ साली सरासरी वेळ भरला २५५ सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटे. सर्वांत अधिक वेळ लागला तो ‘चिक-फिल-ए’ या दुकानांत, पाच मिनिटांच्याही वर. आणि तरीही लोकांची सर्वांत मोठी रीघ तेथेच! त्यांना वेळ लागतो तो मुख्यतः रीघ मोठी म्हणूनच. सौजन्यात आणि बिनचूकपणात त्यांचा नंबर वरचा असतो. गर्दीच्या वेळी त्यांची मुले उन्हापावसात बाहेर येऊन मोटारीशी उभी राहतात आणि तोंड पाहून मागणी लिहून घेतात. खांबाऐवजी माणूस आला की मोटारीतल्याचीही भाषा बदलते, हे मी स्वतः पाहिले आहे. जो मनुष्य खांबावर खेकसतो, तोच मुलीला “प्लीज” म्हणतो.

गिऱ्हाइकांच्या वागण्याबद्दलही त्या मुलाच्या बऱ्याच तक्रारी होत्या. खिडकीशी येऊनही फोन कानाचा सुटत नाही, ही त्याला सर्वांत झोंबणारी गोष्ट. पैसे घेताना तो काही विचारतो आणि समोरचा बोट दाखवून “थांब” म्हणतो. मागच्या आसनावरून चार मुले एकदम ओरडतात. सबंध खेळाच्या संघाचे जेवण, चौदा जणांचे, रांगेत मोटार घालून मागतात. माझे म्हणणे असे की, इतके मागावयाचे असेल तर सरळ उतरून आत जावे. दार उघडेच असते आणि आत बहुधा कोणी नसते. मात्र गुडघे धरलेली म्हातारी, पाय अधू असलेला मनुष्य, किंवा मागे तान्हे मूल नुकतेच झोपले आहे अशी आई, यांच्यासाठी ही खिडकी वरदान आहे. त्यांनी तेथे कितीही वेळ घ्यावा. माझी लेक बाळंतपणानंतर दोन महिने केवळ या खिडकीच्या आधारावर कॉफी प्याली.

एक चाल मला सुरुवातीला फार आवडली. पुढचा मनुष्य आपले पैसे देताना मागच्या मोटारीचेही देऊन जातो. मग मागचा त्याच्या मागच्याचे देतो. २०२० च्या डिसेंबरात मिनेसोटातील ब्रेनर्ड गावी एका आइसक्रीमच्या दुकानात ही साखळी नऊशेहून अधिक मोटारींपर्यंत चालली. सगळीकडे कोरोनाची भीती असताना अनोळखी माणसांनी एकमेकांसाठी हे केले, हे थोडके नव्हे. पण आमचा मुलगा म्हणाला, “मावशी, साखळी सुरू झाली की कोणाचे बिल कोणाचे ते सांभाळताना आमचा जीव जातो, आणि घड्याळ काही थांबत नाही.” मागच्याला खाऊ घालणे छानच, खिडकीतल्यालाही एक शब्द विचारावा.

आता तर खांबातला आवाजही यंत्राचा करण्याचे प्रयोग चालले आहेत. मॅकडोनाल्ड्सने २०२१ पासून शंभराहून अधिक दुकानांत यंत्राकडून मागणी घेऊन पाहिली आणि २०२४ साली तो प्रयोग थांबविला; इतरांचे चालू आहेत. यंत्राला लाल आकड्यांची धास्ती नसते, ते कधी खेकसणारही नाही. विहीणबाईंना मी हे फोनवर सांगितले, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मग माझा कागद वाचणार कोण?”

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत, आणि मघापासून आतून कांदाभज्यांचा वास येत आहे.